ओरिजिनलकाकांचा स्वीडिश पणजोबा

आखातातल्या उम्म अल कुवैनच्या एका ॲल्युमिनियमच्या कारखान्यात मी रुजू झाले, त्या पहिल्याच दिवशी एका गृहस्थांनी माझं पदवी प्रमाणपत्र खिडकीशी नेलं, उजेडात धरलं, उलटं करून पाहिलं आणि चक्क त्याचा वास घेतला. मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "ओरिजिनलच दिसतंय." पाच वर्षं घासून मिळवलेल्या पदवीबद्दल कुणी "दिसतंय" म्हटल्याचा मला भयंकर राग आला होता. पुढे कळलं की त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी कुणालाच मिळत नसे.

नव्या माणसांचे कागद तपासणं हेच त्यांचं काम. पदव्या, लग्नाचे दाखले, जन्माचे दाखले, अनुभवाची पत्रं. वीस वर्षांत त्यांनी इतकी खोटी कागदपत्रं पाहिली होती की खऱ्यावरचा त्यांचा विश्वासच उडाला होता. एका वेल्डरच्या प्रमाणपत्रावर, प्राचार्य वारल्यानंतरच्या वर्षाची त्याच प्राचार्यांची सही त्यांनी पकडली होती, आणि ही कथा ते नव्या माणसाला आवर्जून ऐकवत, धमकी म्हणून. नियम एकच. पहिल्या पानावर एक आकडा जरी जुळला नाही, तरी फाइल परत. पुढची पानं ते उघडतही नसत. "पाया वाकडा असला की माळे कशाला मोजायचे?" मल्याळी, पठाण, फिलिपिनो, सगळा कारखाना त्यांना ओरिजिनलकाका म्हणायचा.

काका शारजात आमच्या मागच्या इमारतीत एकटे राहायचे. काकू लवकर गेल्या होत्या, मुलगा अहमदनगरला मावशीकडे शिकत होता. माझ्या नवऱ्याची कंपनी दुबईत, त्यामुळे मी काकांच्या जुन्या गाडीतून रोज ये-जा करू लागले. पेट्रोल भरताना ते उतरून मीटर शून्यावर आल्याची खात्री करत. दूध घेताना फ्रिजच्या मागच्या रांगेतला डबा काढत. एकदा माझी सात वर्षांची मुलगी गाडीत होती. तिने मला विचारलं, "मम्मा, इज काका अ पोलीसमन?" काका इतके खूश झाले की खिशातलं चॉकलेट काढून तिला दिलं. देण्याआधी त्यावरची तारीख मात्र वाचली.

या माणसाचे डोळे राखाडी होते. सावळा, अस्सल नगरी चेहरा आणि त्यात ते परके डोळे. पहिले काही महिने मी विचारलं नाही. मग एकदा त्यांनीच सांगितलं, समोरच्या ट्रकवरची नजर न हलवता. काका मराठी ख्रिस्ती. त्यांच्या आईचे आजोबा स्वीडनहून मुंबईला एका गिरणीत इंजिनं दुरुस्त करायला आलेले मेकॅनिक. नगरच्या एका ख्रिस्ती मुलीशी त्यांनी चर्चमध्ये लग्न केलं. मुलगी दोन वर्षांची झाल्यावर, "म्हाताऱ्या आईला भेटून आठ महिन्यांत येतो" असं सांगून बोटीत बसले, ते गेलेच. बायको लेकीला घेऊन नगरला परतली. भावकीने ठरवून टाकलं की साहेब फसवून गेला. तिने मरेपर्यंत तसं म्हटलं नाही.

"आणि तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं.

"मला वाटायचा प्रश्न नाही. आईला कळायला हवंय. ती आजीच्या मांडीवर वाढलेली. आता पंचाऐंशी वर्षांची झाली. दर शुक्रवारी सुट्टीला फोन केला की तब्येतीचं नंतर, आधी विचारते, काही कळलं का रे? तो येणार होता की नव्हता, एवढंच तिला मरायच्या आधी ऐकायचंय."

ऑफिसात इंटरनेट नुकतं आलं होतं आणि ते माझ्या टेबलावर होतं. काकांनी मला त्यावरून स्वीडनला पत्रं लिहायला लावली. स्वीडनमध्ये चर्चचे पाद्री म्हणे गावातल्या प्रत्येक माणसाची नोंद ठेवत. कोण जन्मलं, कोण गाव सोडून कुठे गेलं, कोण परत आलं. मला हे ऐकून कौतुक वाटलं. काका म्हणाले, "इतकं कुणी लिहून ठेवतं? काहीतरी लपवायचं असणार."

आता माझंही सांगते, कारण हसण्याजोगे एकटे काकाच नव्हते. आमच्या महाराष्ट्र मंडळात तेव्हा जो तो कॅनडात स्थायिक व्हायचा फॉर्म भरत होता. माझा नवरा म्हणाला, "पणजोबा वगैरे काही नाही गं, म्हाताऱ्याला स्वीडनचा पासपोर्ट हवाय. मुलासाठी." मला ते पटलं. मी त्यांची पत्रं लिहीत होते, पण मनात म्हणायचे, बघू किती दिवस आईचं नाव पुढे करताहेत. संशय हा गाडीच्या एसीसारखा असतो, शेजारच्यालाही लागतोच.

चार महिन्यांनी तिकडच्या एका निवृत्त शिक्षिकेचं उत्तर आलं. हौस म्हणून ती लोकांचे पूर्वज शोधून द्यायची. पैसे नकोत म्हणाली. काका दिवसभर अस्वस्थ. "पोस्टाचेच चाळीस दिऱ्हम होतील, म्हणजे पावणेपाचशे रुपये. अनोळखी माणसासाठी ही बाई खिशातून का घालेल? काय हवंय तिला?" मी म्हटलं, "काका, काही माणसं चांगली असतात." ते म्हणाले, "असतात. पण तसं लिहून द्यायला तयार नसतात."

शेवटी तिचं पाकीट आलं. चर्चच्या वहीच्या दोन पानांच्या झेरॉक्स, आणि त्यामागे टाचलेलं इंग्रजी भाषांतर, तेही दोन पानी. काकांनी भाषांतराचं पहिलं पान घेतलं आणि दुसऱ्या हातात घरच्या बायबलच्या कोऱ्या पानाची नक्कल. त्या पानावर पणजीने स्वतःच्या हाताने नवऱ्याची जन्मतारीख लिहून ठेवली होती. नाव जुळलं. दिवस जुळला, महिना जुळला. वर्षात तिनाचा फरक निघाला.

"हा तो नव्हे," काका म्हणाले.

"अहो, वय कमी सांगितलं असेल लग्नात. नवरी वयाने लहान असणार ना?"

"मग खोटंच बोलला की. आणि नसेल बोलला तर हा माणूस दुसरा. दोन्हीकडून फाइल परत." त्यांनी पाकीट खणात टाकलं. मीही पुढचं पान मागितलं नाही. मला वाटलं, पासपोर्टचं जमत नाही म्हणून चिडलेत.

त्या शुक्रवारी चर्चहून येताना त्यांनी आईला फोन लावला. पुढच्या वर्षी आई गेली. काका तीन दिवस नगरला जाऊन आले आणि परत गाडी चालवू लागले.

नंतर त्यांची साठी आली. म्हणजे पासपोर्टावर आली. खरं वय अठ्ठावन्न. लहानपणी शाळेत घालताना हेडमास्तरांनी अंदाजाने वय वाढवून एक जून ही तारीख ठोकून दिली होती, आपल्याकडच्या निम्म्या पिढीसारखी. साठीला कारखान्याचा व्हिसा संपायचा. वीसहून अधिक वर्षं दुसऱ्यांच्या तारखा तपासणारे काका त्या दिवशी पर्सोनेल मॅनेजरसमोर उभं राहून म्हणत होते, "साब, आई को पूछा होता तो... ज्या वर्षी दुष्काळ पडला, उस साल पैदा हुआ मैं." मॅनेजर चांगला माणूस होता. तो हळूच म्हणाला, "काका, आपने ही सिखाया है. पेपर में साठ है तो साठ है. खलास."

शेवटच्या आठवड्यात मी त्यांचे खण आवरायला बसले होते. ते पाकीट वर आलं. मला राहवलं नाही. "काका, तुमची तारीख चुकीची आणि तुम्ही मात्र खरे. मग तो स्वीडनवाला?"

काकांनी पाकीट घेतलं, भाषांतर काढलं आणि दुसरं पान उलटलं. वाचता वाचता खुर्ची मागे न बघता ओढली आणि बसले. कागद माझ्याकडे सरकवून म्हणाले, "मराठीत वाच. मोठ्यानं."

मी वाचलं. वसंतात मुंबईहून गावी परत आला. त्याच शरद ऋतूत पुन्हा रवाना. ‘कुठे’ या रकान्यात लिहिलं होतं, मुंबईला, पत्नी व मुलीकडे. त्याखाली नंतर भरलेली एक ओळ होती. एडनजवळ बोटीवर तापाने मृत्यू, कप्तानाच्या पत्रावरून नोंद.

"परत निघाला होता," काका म्हणाले.

खाली मुंबईच्या नोंदीबद्दल त्या शिक्षिकेने पेन्सिलीने लिहिलं होतं, तुमच्या आईंना जरूर सांगा. पासपोर्टाचा विषय कुठेही नव्हता. आमच्या पत्रांतसुद्धा नव्हता, ती पत्रं मीच तर लिहिली होती. मला काकांकडे बघवेना. ते पान माझ्याही टेबलावरून गेलं होतं, आणि ते उलटायला मला दोन बोटंसुद्धा लागली नसती.

संध्याकाळी आमच्या इमारतीखाली गाडी थांबली, मी दार उघडलं, तेव्हा काका म्हणाले, "पाकीट आलं त्या शुक्रवारी आईनं नेहमीसारखं विचारलं. मी सांगितलं, लफंगा होता, आई. नावसुद्धा खोटं असेल. आता विसर."

मी दार पुन्हा लावून घेतलं.

"ती मला कधी खोटारडा म्हणाली नाही गं. माझं सगळं खरं मानायची. म्हणाली, बरं. आणि त्यानंतर कधी विचारलंच नाही."

त्यांनी गाडी बंद केली नव्हती. मी उतरेपर्यंत ते दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत होते, आणि ते राखाडी डोळे पुसायचीही त्यांना शुद्ध नव्हती.