एका ओळीत, एका मापात

आमच्या डीटीपीच्या दुकानात येणारा प्रत्येक माणूस माझ्याकडे संशयानेच बघायचा. जालन्यात तेव्हा कॉम्प्युटर नवे होते आणि पत्रिका, हँडबिलं त्यांच्यावर करून घेण्याची हौस त्याहून नवी. खिळे जुळवणाऱ्या छापखान्यात निदान शिशाचा टाइप हातात घेऊन बघता यायचा. इथे सगळं काचेच्या आत. गिऱ्हाईक माझ्या खुर्चीला खेटून उभं राहायचं आणि मी माउस जरा हलवला की विचारायचं, "आता काय केलं?" मी चिडायची. मनातून मात्र मला त्यांचं पटायचं, कारण त्या पडद्यावर मी स्वतःही कधी विश्वास ठेवला नाही.

मशीनवर बसलं की पहिलं काम पानाचं माप टाकायचं. रुंदी, उंची, मग चारी बाजूंचा समास. ते एकदा टाकलं की छापील पान केवढं येणार हे ठरून गेलं. मग पडद्यावर ते पान दुप्पट करून बघा, नाहीतर अख्खं मावेल एवढं बारीक करून बघा, कागदावर ते आपल्या मापानेच उतरणार. भिंगातून बघितल्याने ज्वारीचा दाणा काही मोठा होत नाही. पण हे समजावताना माझ्या तोंडाला फेस यायचा. गिऱ्हाईकाला दुप्पट करून दाखवलेली अक्षरं आवडायची आणि छापून आल्यावर ते म्हणायचं, तुम्ही मागाहून बारीक केलं.

अशात माझ्याच लग्नाची पत्रिका करायची वेळ आली.

माझे वडील आणि त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे काका, वाटणीपासून एकमेकांशी बोलत नव्हते. आमच्या वाटूर गावची विहीर काकांच्या हिश्श्यात गेली. वडील जालन्यात सरकारी कचेरीत खुर्चीवर बसायचे. त्या विहिरीतून त्यांनी जन्मात कधी घागरभर पाणी शेंदलं नव्हतं, पण भावाने आपल्याला फसवलं हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. मला त्या विहिरीचं काही सोयरसुतक नव्हतं. मला लग्नात काकू हवी होती. वडिलांच्या बदल्या चालू होत्या तेव्हा मी वाटूरला शाळेत होते. माझी तापातली बडबड, डोक्यातल्या उवा, पहिली पाळी, सगळं काकूनं निस्तरलं. काका आले नसते तर काकूही आली नसती. त्या घरात तशीच रीत होती, आणि ती मोडायचं बळ काकूत नव्हतं.

शेवटी मामा मध्ये पडला. त्यानं दोघांकडून कबूल करून घेतलं की पत्रिकेच्या तळाशी निमंत्रक म्हणून दोन्ही भावांची नावं येतील. एका ओळीत, एका मापात. थोरले डावीकडे, धाकटे उजवीकडे. बाहेरच्या माणसाला हे हास्यास्पद वाटेल, पण आमच्याकडे पत्रिका हातात पडली की लोक मुहूर्त नंतर बघतात. कोणाचं नाव कुठे आणि केवढं, हे आधी. वडील "बरं" म्हणाले. फार पटकन म्हणाले. मला ते तेव्हाच खटकलं होतं.

मशीनवर पत्रिका लावून मी दुसऱ्या एका कामाचा ट्रेसिंग कागद छापखान्यात द्यायला गेले. परत येते तर वडील दुकानात मालकाबरोबर चहा पीत बसलेले. मी तिथे नोकरीला लागल्यापासून त्यांनी कधी दुकानाची पायरी चढली नव्हती.

"सहज आलो होतो," ते म्हणाले. "छान केलीस पत्रिका."

माझे वडील सहज कुठे जात नाहीत. ते गेल्यावर मी पत्रिका उघडून सगळी नावं वाचून काढली. एकही गळालं नव्हतं, क्रमही जसाच्या तसा होता. मी फाइल बंद केली.

दुसऱ्या दिवशी वाटूरहून काका आले. एसटीतून उतरून तडक दुकानात. त्यांनाही वडिलांच्या "बरं"चा भरवसा नव्हता. खिशातून त्यांनी काकूची शिवणकामाची टेप काढली.

"दाखव बरं, काय करून राह्यली ते."

मी पान दुप्पट केलं आणि त्यांचं नाव पडद्यावर आणलं. काकांनी चष्मा सरसावला, टेप काचेला लावली, अंगठ्यानं खूण धरली.

"आता तुझ्या बापाचं दाखव."

वडिलांचं नाव पडद्याच्या बाहेर उजवीकडे गेलेलं होतं. दोन्ही एकदम दिसावीत म्हणून मी अख्खं पान पडद्यावर आणलं. काकांची टेप तशीच काचेवर होती आणि तिच्याखाली त्यांचं नाव मुंगीएवढं झालं.

"बघ! बघ!" काका ओरडले. "माझ्या डोळ्यादेखत! बोट दाबलं अन् मला लहान केलं!"

"काका, हे नुसतं दिसायला आहे. कागदावर—"

"मला कागद सांगू नको. तुझ्या बापानं पढवलंय तुला. तुला लहानाची मोठी केली न् तू बी त्याच्यातलीच? मंग करा तुमचं तुम्ही लग्न. म्या येत न्हाई, अन् तुझी काकू बी बिलकुल येत न्हाई."

ते पायऱ्या उतरून गेले. दुकानातली माणसं हसत होती, मालक तर डोळे पुसत होता. मला रडू आलं आणि संतापही आला. काकांना खोटं पाडायचंच, या हट्टाने मी पुन्हा मशीनवर बसले आणि दोन्ही नावांच्या मापाचा आकडा उघडून बघितला. वडिलांचं नाव चौदा पॉइंटात होतं. काकांचं तेरा.

मी मालकाकडे बघितलं. त्याचं हसू ओसरलं. "तुमचे वडील म्हणाले, थोरल्यांचं एक पॉइंट कमी करा. मला वाटलं, तुमचं घरात ठरलंय."

संध्याकाळी घरी गेल्या गेल्या मी वडिलांना विचारलं. त्यांनी तोंडासमोरचं वर्तमानपत्र खाली घेतलं नाही.

"एका पॉइंटनं काय होतं? कोणाला दिसतं ते?"

"काकांना दिसलं."

"त्याला काय कळतंय? तो काच मोजून गेला." म्हणजे ती गंमत मालकानं त्यांना कळवलीही होती. मग ते म्हणाले, "सगळं त्याचंच मोठं. एकदा तरी माझं मोठं असू दे की."

मला त्यांची कीव आली नाही.

नावं सारखी केली, पत्रिका छापून काढली आणि सुट्टी घेऊन वाटूर गाठलं. काकांनी ओट्यावर पत्रिका पसरून दोन्ही नावांना टेप लावली. पुन्हा लावली. दारात काकू पदराचं टोक धरून उभी होती, माझ्याकडे बघत.

"आता बराबर हाये," काका म्हणाले. मग टेप गुंडाळता गुंडाळता थांबले. "पण त्या दिवशी लहान होतं का न्हाई? खरं सांग माय. तू सांगशील ते खरं."

खरं सांगितलं असतं तर दोघं भाऊ जन्मात समोरासमोर आले नसते, आणि काकू त्या दारातच राहिली असती.

"नाही काका," मी म्हणाले. "काचेवर तसं दिसतं. कागदावर पहिल्यापासून सारखंच होतं."

काकांनी टेप पुरती गुंडाळली. मग हसले, एकदम ओशाळून. "म्हंजी म्याच येडा. उगा संशय घेतला भावावर." आणि काकूला म्हणाले, "लुगडं काढून ठेव वं चांगलं. जायाचंय आपल्याला."

काकू आली. माझ्या अंगाला पहिली हळद तिनं लावली. लग्नानंतर पंगतीत दोघं भाऊ शेजारी शेजारी बसले, आणि काकांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात स्वतःचीच फजिती सांगितली. काचेला टेप कशी लावली, नाव कसं मुंगीएवढं झालं, आपण कसे तावातावानं निघून आलो. पंगत खो खो हसली.

सगळ्यांत मोठ्यानं माझे वडील हसले. काकांच्या मांडीवर थाप मारून म्हणाले, "दादा, तुम्हाला मशीनीतलं काय कळतं!" हसता हसता त्यांना ठसका लागला, तसे काका त्यांची पाठ चोळू लागले. "हळू रे, हळू," म्हणत राहिले.

मी वाढत होते का उभी होते, ते आठवत नाही. वडिलांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांच्या पुष्कळ गोष्टी मी पोटात घातल्या, पण त्या दिवशीचं ते हसणं नाही.