बंद मशीनचा भोंगा

आधीच सांगतो, गूढ अनुभवांच्या या सदरात कधी मी लिहीन असं कोणी म्हटलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. आमचं घर बौद्ध. आजोबांनी धर्म बदलला तेव्हा देव्हाऱ्यासोबत भुतंखेतं, अंगात येणं, उतारे सगळं घराबाहेर गेलं, आणि ते परत आत शिरू नये यावर आईचा आजही कडक पहारा असतो. त्यात माझा धंदा कॉम्प्युटरचा. मशीन सांगितलं तेवढंच करते, आणि चुकलं तर चूक सांगणाऱ्याची असते. हे मी रोज अनुभवतो. तरीही हे घडलं... आता घडलं तसं लिहितो.

दोन हजार पाच-सहाचा काळ. गाव आर्णी, जिल्हा यवतमाळ. कापसाचं सगळंच बसलं होतं. जिनिंगमधून, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यातून, गाठी उचलायला कोणी येत नव्हतं, म्हणून आवारात कापसाच्या गंज्या नुसत्या वाढत चाललेल्या. त्या वर्षांत आमच्याकडे फोन वाजला की लोक आधी दचकायचे, मग उचलायचे; कुठल्या तरी शेतकऱ्याने जीव दिल्याचीच बातमी असायची. वडील गेल्यापासून आई गावाबाहेरच्या एका जिनिंगमध्ये कापूस निवडायला जायची. (नाव सांगत नाही, आता ती जागाही दुसऱ्याची झाली.) कापसातला पाला, काडीकचरा वेचून बाजूला काढायचं काम. मी बसस्टँडसमोरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात बसायचो आणि फावल्या वेळात लिनक्ससाठी पॅकेजेस बनवायचो. फुकट. आई म्हणायची, "जगाचं फुकट करून राह्यला, घरचा बल्ब कोण बदलन?"

पॅकेज म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, पुढे लागेल. कॉम्प्युटरवर काही कामं अशी असतात की ती पडद्यावर दिसत नाहीत. मशीन चालू झालं की आपोआप सुरू होतात आणि मागे गुपचूप चालत राहतात. त्यांना सर्व्हिस म्हणतात. मी अशा सर्व्हिसेसची नीट गाठोडी बांधायचो: एका कमांडमध्ये बसली पाहिजे, आपली आपण सुरू झाली पाहिजे, आणि काढायची वेळ आली की आधी थांबून मगच गेली पाहिजे. ही शेवटची गोष्ट लोक सहसा विसरतात. मीही विसरलो होतो, ते पुढे येईलच.

आता गंजीचं. कापसाच्या गंजीला बाहेरून आग लागली तर दिसते. आतून लागली तर दिसत नाही. कुठे ओल राहिलेला कापूस दाबाखाली गरम होतो, आतल्या आत धुमसतो, आणि वर सगळं पांढरंशुभ्र दिसत असतं. म्हणून गंजीत एक लांब लोखंडी सळई खुपसून ठेवतात आणि थोड्या थोड्या वेळाने ओढून बघतात, गरम लागते का. आमच्या जिनिंगमध्ये हे काम सुदामकाकांचं. ते सळई हाताने नाही, गालाला लावून बघायचे. दर अर्ध्या तासाला. घड्याळ नव्हतं त्यांच्याकडे, तरी पाच मिनिटं इकडची तिकडे नाही. आदल्या वर्षी ते छातीच्या दुखण्याने गेले. त्यांच्यामागे सळईची आठवण कोणाला राहीना.

म्हणून जिनिंगचा हिशेब आणि कारभार बघणाऱ्या मुनीमजींनी मला बोलावलं. वजनकाट्याच्या खोलीत लिनक्सचं एक जुनं मशीन होतंच, मीच बसवलेलं. मी एक छोटी सर्व्हिस लिहिली. दर अर्ध्या तासाला ती भिंतीवरचा भोंगा वाजवायची, तीनदा, आखूड आखूड. भोंगा वाजला की जो जवळ असेल त्याने सळई बघायची. बऱ्याचदा माझी आईच जवळ असायची, कारण निवडणाऱ्या बायकांची जागा गंजीपाशीच होती. तिला या सगळ्याचा फार अभिमान. मला तिच्याहून जास्त.

आठ दिवसांत मुनीमजी कंटाळले.

"अबे विज्या, दर अर्ध्या घंट्याले पोंगा! माणसं काम टाकून सळईकडे पळून राह्यले. अन् सळई तं रोज थंडीच. काढून टाक ते."

मी म्हटलं, "मुनीमजी, राहू द्या ना, सीझन संपेपर्यंत."

"काढ म्हणलं ना बाप्पा!"

मी काढलं. शनिवारी संध्याकाळी, दोन मिनिटांचं काम. आई तिथेच बसते हे तेव्हा डोक्यात आलं होतं. खोटं कशाला बोलू... आलं होतं, आणि मी ते बाजूला सारलं. मोठ्या माणसाशी दुसऱ्यांदा वाद घालायची माझी हिंमत झाली नाही.

बुधवारी दुपारी दुकानात बसलो होतो. लोडशेडिंग. बारा वाजता लाइन गेली होती ती तीनशिवाय येणार नव्हती. दीडच्या सुमाराला दुकानातला फोन वाजला. मुनीमजी.

"विज्या, तू ते काढलं होतं ना रे?"

"हो, शनिवारीच."

"मंग ते वाजलं कसं?"

मागून बायकांचा आरडाओरडा ऐकू येत होता. मी दुकान उघडं टाकून मोटरसायकलला किक मारली. रस्त्यात धूर दिसला तशी गाडी आणखी पिळली.

आई रस्त्याच्या पलीकडे, चहाच्या टपरीच्या बाकावर बसलेली होती. अंगभर काजळी, उजव्या तळहातावर मोठा फोड. मला बघून म्हणाली, "मी बरी हाय. गाडी सावलीत लाव."

झालं ते असं. लाइन नव्हती, डिझेल वाचवायला जेवणाच्या सुट्टीत जनरेटरही बंद. आई धरून निवडणाऱ्या आठही बायका गंजी आणि कुंपणभिंतीच्या मधल्या बोळीत सावलीला भाकरी खात बसल्या होत्या. तेवढ्यात भोंगा वाजला. तीनदा. आई सवयीने उठली, सळई ओढली आणि हात भाजला. ती ओरडली, बायका डबे तिथेच टाकून पळाल्या. शेवटची पार्वताबाई बोळीतून बाहेर पडली आणि गंजीची ती अख्खी बाजू आतून पेटत भिंतीवर कोसळली. डबे दुसऱ्या दिवशी सापडले. वितळलेले.

पार्वताबाई एकच सांगत होती, "सुदामकाका होता बाई तो, दुसरं कोणी नाही." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

लाइन आल्यावर मी मशीन लावलं. सर्व्हिस नव्हती. नोंदवहीसारखी एक फाइल असते, भोंगा वाजला की तिच्यात वेळ पडते. तिच्यातली शेवटची ओळ शनिवारची. मग मला माझी चूक सापडली! काढताना सर्व्हिस आधी थांबवायची, ही ओळच मी पॅकेजमध्ये लिहायला विसरलो होतो. अशा वेळी फाइली जातात, नोंद पडणं थांबतं, पण चालू असलेलं काम मशीनच्या मेमरीत तसंच जिवंत राहतं. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. चूक माझी निघावी असं आयुष्यात तेवढं एकदाच वाटलं.

आनंद दहा मिनिटं टिकला. चौकीदार म्हणाला, "दादा, मशीन तं मी रोज संध्याकाळी बंद करतो. बटन माह्याच हातानं दाबतो." मशीन बंद झालं की मेमरी कोरी. म्हणजे शनिवारी रात्रीच सगळं संपलं होतं. आणि बुधवारी तर मशीनला वीजच नव्हती. यूपीएस दिवाळीपासून बिघडलेला. भोंगाही थेट लाइनवरचा, बॅटरी नाही. दुसरा भोंगा त्या आवारात नव्हता. बायकांना भास झाला म्हणावं, तर चौकीदाराने ऐकलं, समोरच्या टपरीवाल्याने ऐकलं, आणि भोंग्याखाली हिशेबाच्या वह्यांवर डोकं टेकून पडलेले मुनीमजी तर धडपडून उठले होते. त्यांनी पहिलं मशीनकडे बघितलं होतं. पडदा काळा.

आई मात्र गावभर सांगत सुटली, "माह्या पोराच्या मशीननं वाचवलं." बौद्धवाड्यात, बाजारात, मावशीकडे मारेगावला गेली तर तिथेही. लोक माझी पाठ थोपटायचे आणि मी मान खाली घालून उभा राहायचो. ज्याने काढून टाकलं त्याचंच कौतुक! पण तिला खरं सांगायला जीभ उचलत नव्हती. एक वर्ष गेलं, पाच गेली, पंधराच्या वर गेली.

गेल्या उन्हाळ्यात सांगितलं. ती ओसरीत मिरच्यांची देठं खुडत होती. तिच्यासमोर बसलो आणि सगळं एका दमात बोलून टाकलं. "माय, त्या दिवशी पोंगा माह्या मशीननं नाही वाजवला. मी तं चार दिवस आधीच काढून टाकलं होतं. तू तिथं बसते हे माहीत असून."

तिने मान वर केली नाही. "मले माहीत हाय."

"कोणी सांगतलं?"

"मुनीमजीनं. त्याच दिवशी. अन् लाइन नव्हती हे मले दिसत नव्हतं का? लाइन असती तं आमी आत पंख्याखाली नसतो बसलो?"

"मंग इतके वर्षं माहं नाव काहून सांगत राह्यली?"

आता तिने हातातली मिरची खाली ठेवली. "आग लागल्यावर तू जेवत नव्हता, विज्या. चार दिवस नुसता ताटावरून उठून जात होता. कोणाशी बोलत नव्हता. त्या सालात असे गप झालेले लोक मी लय पाह्यले होते. त्यातला एकही राह्यला नाही. मले तुले घालवायचं नव्हतं."

मी तिने ठेवलेली मिरची उचलून तिचं देठ खुडलं आणि विचारलं, "मंग पोंगा वाजवला कोणं?"

भोंगा कसा वाजला याचं उत्तर माझ्याजवळ आजही नाही. या क्षेत्रातल्या भल्याभल्यांना विचारून झालं, कोणाला काही सुचलं तर जरूर कळवा. आईलाही ते माहीत नाही आणि तिला त्याची फिकीरही नाही. ती सुपातल्या मिरच्या घेऊन उठली आणि म्हणाली, "वाजला ना? झालं मंग. हात धू, जेवाले वाढतो."