नवांत एक ऑक्सिजन

येओंगदोच्या धक्क्यावर ग्वाक मालसुनताईने भरलेली वायूची बाटली कुणी तपासत नसे. बुडालेल्या जहाजांवर काम करायला आमची माणसं फार खोल उतरतात, तिथे साधी हवा चालत नाही. हेलियम आणि ऑक्सिजनचं मिश्रण लागतं. तिचा नवरा दुसिक पाणबुड्या, माझा नवरा ब्योंगतेही.

"दोन्ही वायू वजनाने सारखे घ्यायचे," ती मला सांगायची. "ऑक्सिजनचा मोल, म्हणजे ठरावीक कणांचा गठ्ठा, हेलियमच्या आठपट जड. म्हणून सारख्या वजनात ऑक्सिजनचा एक मोल आला, तर हेलियमचे आठ येतात. नवांत एक. जास्त झाला तर झटके, कमी झाला तर माणूस झोपतो तो झोपतोच."

इतकी वर्षं भरूनही ती रोज घाबरायची. मी तिला भित्री भागूबाई म्हणून चिडवायची.

त्या सकाळी ब्योंगतेची बोट आधीच गेली होती. दुसिकची नुकती सुटली, तोच ताई धावत आली. तोंड पांढरंफटक. निघालेल्या बोटीला आमच्याकडे मागून हाक मारत नाहीत. ती घसा फाटेस्तोवर ओरडली. बोट वळून आली.

"कसला हा अपशकुन, वहिनी?" पे नावाचा मुकादम खेकसला.

"ऑक्सिजनच्या टाकीचा काटा हवा तेवढा उतरला नाहीये. भरताना मी एकास आठ, एकास आठ असं पुटपुटत होते. वजनही तसंच घेतलं असणार. मग ऑक्सिजनचा मोल पासष्टांत एकच पडतो. यांची बाटली तपासा."

मुकादमाने यंत्र लावलं. अकरा टक्के. नवांत एक, अगदी बरोबर.

दुसिक हसला. "घरी जा, गरम भात खा आणि झोप."

मीही हसले. "झालं समाधान, ताई?"

ती माझ्याकडे बघेना. "आज दोन बाटल्या भरल्यात," ती म्हणाली.

दुसरी ब्योंगतेची. मुकादमाने रेडिओ उचलला.

"ब्योंगते? आत्ताच उतरला," पलीकडून नावाडी म्हणाला.

"वर ओढा त्याला."

"दोर हलवतोय मी. तो उत्तर देत नाहीये."

ताईने माझा हात धरला. तिची बोटं बर्फासारखी होती, आणि मला त्या बोटांचीच भीती वाटली. मी हात झटकला.

ब्योंगते वाचला. माझं नाव मात्र त्याला रोज सांगावं लागतं. बाटल्या आता दुसराच कुणी भरतो, आणि मुकादम प्रत्येक तपासतो. ताई सकाळी आमच्या दाराशी कालवांची पेज ठेवून जाते. मी ती त्याला भरवते. ताईला अजून घरात घेतलेलं नाही.