भावोजींचा फ्लेक्स

सरळच सांगते, सासूबाईंच्या वर्षश्राद्धाला दाखवायचा व्हिडिओ मी करायला घेतला तो भक्तीने नाही, खुन्नस म्हणून.

माझे धाकटे दीर मुंबईला. गणपतीत यायचे, भलामोठा फोन घेऊन आरतीचा व्हिडिओ करायचे आणि मला म्हणायचे, "वहिनी, आईच्या खोलीचं दार लोटा जरा, मागे पलंग दिसतो." सासूबाई आत अंथरुणाला खिळलेल्या. मी दार लोटायचे आणि आतल्या आत चडफडायचे. पुढे त्या गेल्या, तर ह्याच गृहस्थांनी आमच्या इथल्या आरे-वारेच्या रस्त्यावर श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला. सासूबाई वर कोपऱ्यात आणि खाली 'शोकाकुल' म्हणून स्वतःचा हा एवढा फोटो, गॉगलसकट! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पण सासूबाई माझ्याकडे होत्या. पेज भरवताना, केस विंचरताना मी त्यांना माझ्या साध्या फोनवर टिपून ठेवलं होतं. ते तुकडे जोडून सगळ्या भावकीसमोर टीव्हीवर लावायचे. दाराआड कोण होतं ते बघू दे म्हटलं एकदा डोळे भरून.

लेकीच्या जुन्या लॅपटॉपवर जोडाजोड झाली. फाईल बनवायला लावली की मात्र अर्ध्यावर गचकायची. 'मेमरी अपुरी आहे.' बाकीचे प्रोग्राम बंद केले, लॅपटॉप बंद करून परत चालू केला, नको त्या फायली उडवल्या, तुकड्यांचा आकार कमी केला. छे! पुन्हा तेच. श्राद्ध परवावर आलं आणि माझं डोकं सणकलं.

मग सगळ्यात लांब तुकडा वगळून बघितला. जिवावर आलं, कारण त्यात सासूबाई उशीखाली फणसपोळी लपवून मला विचारत होत्या, "अगो, धाकटा आला काय? त्याच्यासाठी ठेवलीय." धाकटा त्या वर्षी आला होता आणि आत न डोकावताच पहाटे निघूनही गेला होता.

तरी एरर जाईना. शेवटी एकेक फाईल तपासली तेव्हा सापडलं. सुरुवातीला सासूबाईंचा फोटो हवा म्हणून मी स्टुडिओतून आणलेली फ्लेक्सचीच फाईल टाकून तिचा फक्त वरचा कोपरा दाखवला होता. रस्त्यावर टांगायला केलेलं ते एकच चित्र सगळी मेमरी गिळत होतं. म्हणजे इथेही भावोजीच पसरलेले! उडवलं ते. फाईल एका दमात झाली.

आता फणसपोळीचा तुकडा सहज मावला असता. माझा हात माउसवर गेलाही. मग ते लोटलेलं दार आठवलं आणि मी लॅपटॉप मिटला.

श्राद्धाच्या दिवशी जेवणं झाल्यावर व्हिडिओ लावला. बायका रडल्या. भावोजी शेवटपर्यंत समोर बसून होते. नंतर मी सासूबाईंच्या खोलीत चादरींच्या घड्या घालत होते, तिथे आले. डोळे लाल.

"वहिनी, आई माझी आठवण काढायची का हो? ह्यात तर काहीच नाही."

"काढायच्या की. त्याचाही तुकडा होता. पण मेमरी पुरली नाही, भावोजी. तुमचा फ्लेक्स फार मोठा निघाला."

ते उंबऱ्यातच उभे राहिले. "मग तो तुकडा मला पाठवाल का?"

"बघते," मी म्हटलं. "जाताना तेवढं दार लोटून घ्या."

तो तुकडा माझ्या फोनमध्येच आहे. दर गणपतीत ते विचारतात. अजून दिलेला नाही.