किंचित, मागच्या महिन्यापेक्षा

इथे आखातात, अल मजाजच्या आमच्या टॉवरमध्ये कोणाकडे काय शिजतंय ते मला लिफ्टमध्येच कळतं. पण शेजारच्या गुणवंतराव परचुऱ्यांच्या घरात काय चाललंय ते कळायला मला दहा महिने लागले. त्यांच्या टीव्हीचा आवाज भिंतीतून माझ्या उशीपर्यंत यायचा, आणि मी मूर्ख, सुचित्राताईंना सीरियलचं वेड लागलंय म्हणून सगळ्या मजल्यावर सांगत फिरलो.

गुणवंतराव टाइल्सच्या एका कंपनीत महिन्याचा रिपोर्ट लिहितात. बावीस वर्षं झाली. विक्री वाढली तर रिपोर्ट कोणीही लिहितो. घटली की गुणवंतरावांना बोलावणं येतं. मॅनेजर म्हणतो, "हबीबी, असा शब्द दे की वाचताना मालकाने चहा पूर्ण प्यायला पाहिजे." आणि हे देतात. कमी होण्याचे इंग्रजी शब्द त्यांच्याकडे मिसळणाच्या डब्यासारखे मांडून ठेवलेले. मागणी निमुळती होत गेली तर 'टेपर'. गिऱ्हाइकाचा उत्साह मावळला तर 'वेन', चंद्र कलेकलेने उतरतो तसा. तक्रारी पुराच्या पाण्यासारख्या खाली बसल्या तर 'सबसाइड'. माणसं एकेक करत गेली आणि चारच उरली तर 'ड्विंडल', पण तो शब्द मालकापुढे काढायचा नाही, त्यात उरलेले चार दिसतात.

"आणि 'प्लमेट'?" मी एकदा मुद्दाम विचारलं.

"तो हळूहळूचा शब्दच नाही हो. तो कड्यावरून पडण्याचा. कागदावर आला की डिपार्टमेंट खलास."

त्यांची लेक ईशानी अबू धाबीला, रीम आयलंडवर राहते. जानेवारीत तिला शंका आली की आईला कमी ऐकू येतंय. सुचित्राताईंनी डॉक्टरचं नावही काढू दिलं नाही. "कानात बटण लावून मी म्हातारी दिसणार नाही," हा त्यांचा निकाल. मग ईशानीने बापाला बजावलं, "दर महिन्याला मला कळवा. वाढलं तर मी ऐकणार नाही, सरळ घेऊन जाईन."

गुणवंतराव दर तीस तारखेला व्हॉट्सॲपवर रिपोर्ट पाठवू लागले. इंग्रजीत. मराठीत लिहायला धीर होत नसावा. मार्चमध्ये 'मार्जिनल डिप'. मेमध्ये 'स्लाइट सॉफ्टनिंग'. ऑगस्टमध्ये 'जेंटल टेपर'. ईशानी अंगठा दाखवून मीटिंगला जायची.

यात खोटं एकही अक्षर नव्हतं, हं. कंपनीत ते मागच्या महिन्याशी तुलना करतात, घरीही तेच केलं. दर वेळी किंचितच होतं.

नोव्हेंबरात ईशानी न कळवता आली. मीही तिथे होतो, कारण भरल्या वांग्यांचा वास लिफ्टपर्यंत आला होता. सुचित्राताई ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या. कुकरची शिट्टी झाली. गुणवंतराव सोफ्यावरून उठले, आत गेले, बायकोपुढे एक बोट धरलं आणि परत येऊन बसले. दुसरी शिट्टी झाली, पुन्हा गेले, दोन बोटं. तिसऱ्या वेळी ताईंनी मान हलवून गॅस बंद केला. दोघांनाही त्यात काही वेगळं वाटत नव्हतं.

ईशानीचा चेहरा बघून मी उठायला हवं होतं. पण वांगी अजून पानात पडायची होती.

"बाबा, हे केव्हापासून?"

"झाले बरेच दिवस. सोयीचं पडतं."

तिने फोन काढला आणि सगळे रिपोर्ट एकाखाली एक वाचून दाखवले. "मार्जिनल. स्लाइट. जेंटल. कम्पेअर्ड टू व्हॉट, बाबा?"

"मागच्या महिन्याशी."

"अँड जॅन्युअरी?"

बावीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. त्यांनी टेबलावरचा कपडा सारखा केला.

"कड्यावरून पडण्याचा तो शब्द मला लिहवेना गं," ते म्हणाले. "लिहिला की लोक काहीतरी बंद करतात."

सुचित्राताई दारात उभ्या होत्या. त्या ओठांवरून बोलणं वाचतात हे आम्हाला तेव्हा कळलं.

"चार महिने मला तुमचं अर्धंच कळतंय," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "मी नुसती हो हो करते. म्हटलं, तुम्हाला कळलं तर माझ्याशी बोलणं कमी कराल."

"मी? एकतीस वर्षांत मी कधी कमी बोललोय?"

"नाही ना. म्हणून तर सवय लागलीय." मग लेकीकडे वळल्या. "घे अपॉइंटमेंट. बटण तर बटण."

क्लिनिकला गाडी मी चालवली, म्हणजे आत बसण्याचा हक्क माझा. डॉक्टर सफांनी तपासण्या केल्या. डावा कान बराच गेलाय, उजवा मशीनवर सांभाळता येईल म्हणाल्या. पण तो किती वेगाने उतरतोय त्यावर पुढचं सगळं ठरणार होतं. त्यांनी हिंदीत विचारलं, जानेवारीत कसं होतं?

"देअर हॅज बीन अ ग्रॅज्युअल..." गुणवंतरावांनी सुरुवात केली आणि थांबले. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"जानेवारीत मी हॉलमधून हाक मारली की स्वयंपाकघरातून ओ यायची," ते साध्या हिंदीत म्हणाले. "आता शेजारी बसून दोनदा मारावी लागते."

सुचित्राताई त्यांच्या ओठांकडे बघत होत्या.

"तीनदा," त्या म्हणाल्या, आणि डॉक्टरांनी तीन लिहून घेतलं.