सेल उतरले की सलीम बोलतो

मंडळी, आपल्या हौसेच्या छोट्या विमानांच्या रिमोटला सेल कोणते घ्यावेत, असं कोणी विचारलं की या ग्रुपवर मीच भाषण ठोकतो. चांगले चार्जिंगचे घ्या, जुने-नवे एकत्र टाकू नका. आज माझंच तोंड बंद झालं.

आमच्या रिमोटमध्ये सेल उतरत आले की बीप वाजते. त्या बीपच्या जागी आपला आवाज भरता येतो. माझ्या दोस्तानं, सलीमनं, मस्करीत स्वतःचा भरून ठेवला होता. तो वारला, तेव्हापासून मी रिमोटला हात लावला नव्हता.

आज अहमदपूरजवळच्या आमच्या माळावर एकट्यानंच विमान उडवलं. ते वर असतानाच रिमोट बोलला, “अबे हणमंत, सेल उतरून राहिले! खाली घे, न्हाईतर इमान गेलं उसात!”

कसंबसं खाली घेतलं. पण रिमोट बंद करायला हात जाईना. तो बोलत राहिला, मी मातीत बसून ऐकत राहिलो. शेवटी सेल पार संपले आणि सलीम गप्प झाला.

येताना दुकानात सेल मागितले. दुकानदार म्हणाला, “लई टिकणारे देऊ का?”

“न्हाई भाऊ,” मी म्हणालो, “लवकर उतरणारे द्या.”