शेजारच्या खाटेवरचा आवाज

"बेटा, हात इकडे आहे," मेहरुन म्हणाली.

दीपमाला हसली, पण बोटं मानेवरून हलवली नाहीत. मेहरुनचा डावा हात खांद्यापासून मनगटापर्यंत सुजून उशीवर ओंडक्यासारखा पडला होता, आणि ही मुलगी गळ्याच्या हाडामागच्या खळगीत बोटं टेकवून कातडी हलकेच ताणत होती, सोडत होती. तेल नाही, जोर नाही. झोपलेल्या बाळाच्या गालाला लावावीत तशी बोटं.

"आधी इथली वाट मोकळी करायची, मावशी. मग हातात साठलेलं पाणी वर सरकतं."

मेहरुनने नुसतं 'हं' केलं. मनात म्हटलं, नवशिकी दिसते. माझ्यावर हात बसवतेय.

पारोळ्याच्या बाजारातलं बांगड्यांचं दुकान नवरा गेल्यापासून ती एकटीने चालवत आली होती. गिऱ्हाइकाचा पंजा हातात घ्यायचा, अंगठ्याखालचं हाड दाबून दाबून मऊ करायचं, की घट्ट मापाची बांगडीही न तडकता चढते. जोराशिवाय काही सरकत नाही, हे तिला त्या कामाने शिकवलं होतं. बाकीचं शिक्षण संशयाचं. फिरोजाबादहून आलेला बांगड्यांचा खोका उघडला की वरचा थर बाजूला करून आधी तळ बघायचा. कोणी फार गोड बोलायला लागलं, तर त्या बाईचा दुसरा हात कुठे आहे ते पाहायचं.

छातीत गाठ निघाली तेव्हा नाशिकला ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही काढाव्या लागल्या. बाजारात सांगितलं, पित्ताशयात खडे होते. औषधांनी केस गेले ते ओढणीखाली गेले, पुन्हा आले तेही ओढणीखाली. कोणाला पत्ता लागला नाही. मग काही महिन्यांनी हात भरायला लागला. आधी अंगठी रुतली, मग डाव्या हातातल्या बांगड्या कापून काढाव्या लागल्या. बांगडीवालीचाच हात मोकळा! नाशिकच्या डॉक्टरांनी सुजेवर उपचार करणाऱ्या धुळ्याच्या फिजिओथेरपिस्ट दीपमालाचा पत्ता दिला आणि सून सादियाने त्याच आठवड्यात सासूला बसमध्ये बसवलं.

सादियाची ही घाईही मेहरुनला खटकली. मला सारखं धुळ्याला धाडून ही दुकानात काय करते? परत आल्यावर ती एकेक खण उघडून बघायची. सगळं जागच्या जागी असायचं. त्याने तिचा संशय आणखी वाढायचा.

दीपमाला हळुवार हात फिरवून झाल्यावर बोटांपासून खांद्यापर्यंत पट्ट्या गुंडाळायची. त्याआधी फीत लावून घेर मोजायची आणि आनंदाने सांगायची, "कमी झाला बघा!" मेहरुनला वाटायचं, फीत ओढून धरते पोरगी. म्हणून तिने घरीच मनगटाला आणि कोपराच्या वर दोरा गुंडाळून मापाला गाठ मारून ठेवली. पुढच्या वेळी पट्ट्या सोडल्यावर दोरा सैल पडला. तिने तो ओढून पाहिला, ताणला तर नाही ना. मग दुसरा दोरा घेतला.

"अम्मी, आता तरी मानाल?" सादिया म्हणाली.

"थंडी पडलीय," मेहरुन म्हणाली. "थंडीत सगळंच आकसतं."

तरी ती जात राहिली. आणि एके दिवशी खाटेवर आडवी असताना पडद्यापलीकडच्या खाटेवरून आवाज आला, "हळू व माय, तठे दुखस!"

हा आवाज मेहरुन वर्षानुवर्षं ऐकत होती. शेजारच्या मिरची कांडपवाल्या सुनंदाबाईचा. दोघींच्या दुकानांत एक भिंत, आणि ताडपत्रीच्या एका टोकावरून जुनं भांडण. ही इथे कशाला? माझ्या मागावर?

तिने तोंडावर ओढणी घेतली आणि दबक्या आवाजात विचारलं, "पलीकडे कोण आहे?"

"ते मी नाही सांगत, मावशी," दीपमाला म्हणाली. "तुमचंही कोणाला सांगत नाही."

सांगत नाही म्हणजे नक्कीच सांगत असणार! पट्ट्या बांधून होताच मेहरुन मागच्या दाराने निघाली ती पुन्हा धुळ्याला गेलीच नाही.

दुकानात बसून ती बाजाराची नजर तपासायला लागली. कोणी "तब्येत कशी आहे?" विचारलं की ती विचारणाऱ्याचा चेहरा निरखायची. दोन बायका हसत गेल्या की वाटायचं, माझ्यावरच. सुनंदाबाई मात्र तिच्याकडे बघेनाशी झाली होती. एरवी सकाळी निदान ताडपत्रीवरून एखादा टोमणा यायचा, तोही बंद झाला. बोलून बसली असणार, म्हणून तोंड चुकवते, मेहरुनने ताडलं. इकडे पट्ट्या सुटल्या, मालिश थांबलं, हात पुन्हा भरत चालला. सादिया रोज विनवायची. ती ढिम्म.

मग एका दुपारी, बाजार पेंगत असताना, सुनंदाबाई दुकानात शिरली. पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट लपेटलेला.

"तू कोनले सांगं व?" तिने खालच्या आवाजात विचारलं.

"मी?" मेहरुन उसळली. "तूच कोणाला सांगितलंस? माझ्या मागे धुळ्याला कशाला आली होतीस?"

"तुन्हा मांगे?" सुनंदाबाई तिच्याकडे बघतच राहिली. "मीच समजनू, तू मन्हा मांगे उनी. पडद्याखाल तुन्ही चप्पल दखी मी."

तिने पदर सारला. उजव्या हाताला बोटांपासून पार वरपर्यंत तशाच पट्ट्या होत्या.

मेहरुनला एक जुनं साल आठवलं. सुनंदाबाई कितीतरी महिने सुरतेला लेकीकडे राहिली होती आणि बाजारात बोलणं होतं की सुनेशी फाटलं. मेहरुननेही ते चवीने दोघीतिघींना सांगितलं होतं.

"तेव्हा सुरतेला...?"

"ऑपरेशन व्हतं. गाठ व्हती."

मेहरुनने स्टूल पुढे सरकवलं. सुनंदाबाई बसली. मेहरुनने आपली बाही वर केली. सुनंदाबाईने तो सुजलेला हात बघितला आणि रागावून म्हणाली, "जाणं बंद करं म्हनीसन आसा व्हयना ना! काय येडी शेस तू!"

पुढच्या खेपेला त्या एकाच बसने गेल्या, पण वेगवेगळ्या बाकांवर बसून. सुनंदाबाईवर विश्वास ठेवायचा की नाही, हे मेहरुनने अजून मनाशी पक्कं केलं नव्हतं. दीपमालाने दोघींना एकत्र दारात बघितलं. पडदा तेवढा बाजूला सारला.

काही आठवड्यांनी तिने दोघींना घरी करायचं शिकवलं. मान, काख, दंड स्वतःचं स्वतः जमतं, पण पाठीपर्यंत हात पोचत नाही. तिथे दुसऱ्या कोणाची बोटं लागतात. सुनंदाबाईची सून पहाटेपासून कांडपावर, आणि सादिया सकाळी घरकामात. मग रोज सकाळी दुकानं उघडण्याआधी मेहरुनच्या माजघरात दोघी एकमेकींची पाठ करायला लागल्या. मिरची लागलेली नाही ना, म्हणून मेहरुन आधी सुनंदाबाईची बोटं हुंगून बघायची. सुनंदाबाई शिव्या घालायची आणि बोटं पुढे करायची.

हात पूर्वीसारखा झाला नाही. होणारही नाही, दीपमालाने स्पष्ट सांगितलं. दिवसभर हात आवळून धरणारी लवचिक, घट्ट बाही घालायची, काचेचा ओरखडाही लागू द्यायचा नाही, ताप किंवा लाली आली तर थेट डॉक्टरकडे. मेहरुनने हेच नाशिकच्या डॉक्टरांना फोनवर विचारून खात्री केली. पण हात हलका झाला होता. गिऱ्हाइकाचा पंजा तिला पुन्हा दोन्ही हातांनी धरता यायला लागला.

एकदा लग्नाच्या बांगड्या भरायला आलेल्या एका बाईने त्या बाहीकडे बोट दाखवलं. "हे काय हो भाबी?"

'भाजलं' हा शब्द मेहरुनच्या जिभेवर तयार होता. तेवढ्यात भिंतीपलीकडून सुनंदाबाईच ओरडली, "गाठ काढेल शे तिन्ही! मन्हाबी आसाच हात शे, दखनी का?" आणि खरोखरच पदर सारून तशीच बाही घातलेला हात दाखवत दारात येऊन उभी राहिली.

ती बाई गोंधळली. मग हळूच म्हणाली, "माझ्या बहिणीचा पण असाच सुजलाय. कुठे जाता तुम्ही?"

मेहरुनने तिला पत्ता सांगितला. सुनंदाबाईशी मात्र ती संध्याकाळपर्यंत बोलली नाही. मला न विचारता माझं बाजारात मांडायचं हिला काय कारण? नक्की काहीतरी असणार. दुकान आवरेपर्यंत तिने पुष्कळ विचार केला, काही सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी धुळ्याच्या बसमध्ये तिने खिडकीची जागा धरली आणि शेजारच्या सीटवर रुमाल टाकून ठेवला.